मी टॅब एकदाच दाबला, सर

पिंपरीच्या मंडईत भाजी घेताना मी काट्यावर आधी माझा मोबाइल ठेवतो. कव्हरसकट तो दोनशे दहा ग्रॅमचा आहे, हे मी दोन वेगवेगळ्या दुकानांतल्या काट्यांवर पडताळून घेतलेलं आहे. एक भाजीवाली तर मला लांबून पाहूनच काटा पुढे सरकवते. "या बाबा, आधी तुमचा फोन मोजून घ्या." त्या वेळी माझी बायको चार पावलं मागे थांबून नारळ निरखत असते, म्हणजे आम्ही एकत्र आलोय असं कुणाला वाटू नये.

हा स्वभाव मला नोकरीने दिला की या स्वभावामुळेच मला ती नोकरी मानवली, हे आता सांगता यायचं नाही. चाकणच्या एका कारखान्यात मी एकवीस वर्षं संगणक विभाग सांभाळला. लोकांना वाटायचं, हा माणूस प्रिंटरमधला अडकलेला कागद काढतो. काढायचो, तेही काढायचो. पण माझं खरं काम संशय घेण्याचं होतं. कुणाच्या नावाने कोण संगणकात शिरलं, कुणी काय उघडलं, काय पुसलं, याची नोंद रोज सकाळी चहाबरोबर वाचायची. इतर लोक पेपर वाचतात तसा मी ती वाचायचो, आणि पेपरापेक्षा तिच्यावर माझा जास्त विश्वास होता.

एकदा त्या नोंदीत दिसलं की पहिल्या पाळीचे एक सुपरवायझर सकाळी सात वाजून दोन मिनिटांनी कामाला लागले आहेत. त्याच सकाळी मी त्यांना निगडीच्या बसथांब्यावर, टोपी घालून, लग्नाच्या वऱ्हाडात उभं असलेलं पाहिलं होतं. पासवर्ड मित्राला देऊन साहेब लग्नाला निघाले होते. दुसऱ्या दिवशी मी त्यांना विचारलं, "जेवण कसं होतं?" ते म्हणाले, "कुठलं जेवण?" मी म्हटलं, "तेच, जे तुम्ही काल लाइनवर उभं राहून जेवलात." दुसऱ्या एका प्रसंगी ग्राहक कंपनीचा एक इंजिनिअर पेनड्राइव्ह घेऊन आला. त्याला म्हणे भाचीच्या बारशाचे फोटो आमच्या मोठ्या पडद्यावर बघायचे होते. मी त्याला पेढा आणायला सांगितलं आणि पेनड्राइव्ह ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं. पेढे आलेच नाहीत, त्यामुळे भाचीही नसावी असं माझं मत आहे. अशा गोष्टींनी माझी कॉलर ताठ होत गेली. भालेरावसाहेबांच्या नजरेतून काही सुटत नाही, असं लोक म्हणायचे आणि मी ते खोडून काढायचो नाही.

आता जे सांगायचं आहे त्यासाठी कामाची थोडी माहिती द्यायला हवी. आमच्याकडे गाड्यांच्या सीटचे लोखंडी सांगाडे व्हायचे. सांगाडा जोडायचे रोबोट, आणि कुठल्या मॉडेलला कुठे किती टाके मारायचे हे त्या रोबोटांना सांगायचा एक संगणक. त्याचं नाव वेल्ड-लाइन. त्याचाच एक जुळा भाऊ माझ्या खोलीत होता, वेल्ड-टेस्ट. त्याला रोबोट जोडलेले नव्हते. नवी सेटिंग्ज आधी त्याच्यावर भरून बघायची, चुकलं तर पुसायचं, पुन्हा भरायचं. त्याच्यावर कितीही गोंधळ घातला तरी कुणाचं काही अडत नसे.

दोघांनाही हुकूम द्यायचे ते काळ्या पडद्यावर. माउस नाही, चित्रं नाहीत. हुकूम टाइप करायचा, पुढे मशीनचं नाव लिहायचं आणि एंटर दाबायचं. 'पुसा' नावाचा हुकूम मीच तयार केला होता. तो मशीनमधली सगळी सेटिंग्ज साफ करायचा. टेस्टवर तो रोज चालायचा, लाइनवर वर्षातून दोनतीनदा, मॉडेल बदललं की.

या काळ्या पडद्यात टॅबच्या बटणाची एक सोय असते. हुकूम लिहून टॅब दाबला की पुढचं नाव संगणक स्वतः भरतो. ओळखीच्या वाण्याकडे "नेहमीचा" म्हटलं की तो आपल्या चहाची पुडी काढून ठेवतो, तसं. आणि कुठली नावं कुठल्या क्रमाने भरायची हे एका फाइलीत आपल्याला हवं तसं लिहून ठेवता येतं. आमच्याकडे लोक नावं हाताने टाइप करत, चुकत, मग मला फोन करत. म्हणून मी ती फाइल लिहायला बसलो. पहिला टॅब दाबला की नेहमी टेस्टचं नाव यावं, म्हणजे घाईत कुणी चुकलं तरी बिनधोक जागी चुकेल. लाइनचं नाव हवं असेल तर टॅब दुसऱ्यांदा दाबावा लागेल. शिवाय जे मशीन बंद असेल त्याचं नाव यादीतून आपोआप गळेल, कारण बंद मशीनला हुकूम दिला की पडदा मिनिटभर गोठायचा आणि पुन्हा मला फोन. ही शेवटची युक्ती मला आंघोळ करताना सुचली होती आणि मी अंग न पुसताच ती कागदावर लिहून ठेवली होती.

मग नियम केला. पूर्ण नाव कुणी टाइप करायचं नाही. एक टॅब टेस्ट, दोन टॅब लाइन. हे मी पाढ्यासारखं पाठ करून घ्यायचो. कुणी अक्षरं बडवताना दिसला की मागे उभा राहून म्हणायचो, "टंकलेखनाच्या परीक्षेला बसलाय का?"

सुनंदा बिरादार हे सगळं सर्वांत लवकर शिकली. उदगीरकडची, तिशी ओलांडलेली, डिप्लोमा केलेली. भोसरीत एका खोलीत नवरा, मुलगी आणि सासूबरोबर राहायची. आमच्याकडे ठेकेदारामार्फत होती आणि दिवाळीनंतर तिला कायम करायचं असं ठरत आलं होतं. ठेकेदाराकडून आलेल्या माणसाला कायमचं पत्र मिळणं आमच्या पट्ट्यात काय असतं, ते इथल्या माणसाला सांगायला नको. तिचं काम नेटकं होतं. त्यामुळेच मी तिच्यावर जरा जास्त लक्ष ठेवून असायचो. त्या महिन्यात तिने दोनदा अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती. त्यात कुणीतरी सांगितलं की ती हिंजवडीच्या कॅबमध्ये बसताना दिसली. मी मनात खूणगाठ बांधली की बाई दुसरीकडे मुलाखती देते आहे.

खंडेनवमीचा दिवस होता. कारखान्यात सकाळपासून यंत्रं पुसणं, हळदकुंकू, झेंडूच्या माळा चालल्या होत्या. फक्त वेल्डिंगची लाइन चालू होती, कारण ग्राहकाचा ट्रक दारात उभा होता आणि माल संध्याकाळपर्यंत निघायला हवा होता. तिची पूजा माल निघाल्यावर करायची होती. तीन वाजता एकदम सगळे रोबोट थांबले. जागच्या जागी, हात वर करून. वेल्ड-लाइनमधली सगळी सेटिंग्ज साफ झाली होती.

पुढचे चार तास कसे गेले ते मला नीटसं आठवत नाही. साठवलेल्या प्रती काढल्या, आधी टेस्टवर भरून पाहिल्या, मग लाइनवर चढवल्या. ट्रक रिकामाच उभा. कारखान्याचे प्रमुख देशमाने साहेब माझ्या खुर्चीमागे येरझाऱ्या घालत होते. लाइन सुरू झाल्यावर मी नोंद उघडली. तीन वाजता, सुनंदाच्या नावाने, स्वच्छ एक ओळ होती. पुसा वेल्ड-लाइन.

मला धक्का बसला नाही. खरं सांगायचं तर आपला अंदाज बरोबर आल्याचं एक समाधानच वाटलं, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

दसरा झाल्यावर चौकशीला सगळे बसले. सुनंदा त्या दिवशी दुसऱ्या पाळीला आली होती आणि पलीकडच्या शेडमधल्या संगणकावरून काम करत होती. ती एकच वाक्य धरून होती. "मी टेस्टचंच साफ करायले होते. मी टॅब एकदाच दाबला, सर."

"एकदा दाबल्यावर टेस्ट येतं," मी म्हणालो.

"व्हय सर. म्हणूनच एकदा दाबला. पडदा वाचला नाही हे माझं चुकलं. रोजचीच सवय. पण दोनदा नाही दाबला."

मी लॅपटॉप मोठ्या पडद्याला जोडला. सगळ्यांसमोर 'पुसा' लिहिलं, टॅब एकदा दाबला. वेल्ड-टेस्ट. पुन्हा केलं. वेल्ड-टेस्ट. तिसऱ्यांदाही केलं, खरं तर त्याची काही गरज नव्हती. ती पडद्याकडे बघत राहिली. मग आपल्याच बोटाकडे बघितलं. त्या क्षणी तिचा स्वतःवरचाही विश्वास उडाला असावा.

अहवाल मी लिहिला. त्यात एक वाक्य होतं: "लाइनचे पूर्ण नाव टाइप केल्याचे नोंदीवरून स्पष्ट दिसते, हेतू नाकारता येत नाही." आता गंमत अशी की नोंदीत फक्त तयार झालेली ओळ राहते. त्यातली किती अक्षरं बोटांनी लिहिली आणि किती टॅबने भरली, हे नोंद सांगूच शकत नाही. हे मला माहीत होतं. मीच नव्या लोकांना हे शिकवायचो. तरी मी 'टाइप केल्याचे' असं लिहिलं. सोमवारपासून सुनंदाने येऊ नये असा निरोप ठेकेदारामार्फत गेला.

आठवड्याने बबनराव माझ्या खोलीत आला. हा आमचा जुना इलेक्ट्रिशियन, चाकणजवळच्याच गावचा. वडिलांची जमीन कारखान्यांत गेली, त्यामुळे कारखाना आपल्याच वावरात उभा आहे अशा रुबाबात वावरायचा. वेल्ड-टेस्टचा पंखा घरघर करत होता म्हणून मी त्याला बोलावलं होतं. त्याने झाकण काढलं, फुंकर मारली आणि हसला.

"साहेब, समदी हळद आत. बरं झालं पूजंला मशीन बंद व्हतं, न्हाईतर पंख्यानं तुमचं तोंड पिवळं केलं असतं."

"कोण म्हणतं बंद होतं?"

"आता! तुमीच की सकाळी बटन दाबलं. मी पुसाया घेतलं आन् तुमी माळ घातली. इसारला व्हय?"

मी त्याला पंखा नंतर बघू म्हणून बाहेर काढलं. दार लावलं. वेल्ड-टेस्ट बंद केलं. काळा पडदा उघडून 'पुसा' लिहिलं आणि टॅब एकदा दाबला.

वेल्ड-लाइन.

तव्यावरून काढावा तसा मी हात मागे घेतला. टेस्ट बंद होतं, म्हणून त्याचं नाव माझ्याच युक्तीने यादीतून गळलं होतं. पहिल्या जागी उरली होती लाइन. दुर्घटना झाल्यावर प्रती तपासण्यासाठी मीच टेस्ट पुन्हा सुरू केलं होतं, त्यामुळे चौकशीत सगळ्यांसमोर माझी फाइल निर्दोष ठरली. बाईने शंभर टक्के माझ्या नियमाप्रमाणे काम केलं होतं.

यानंतर मी काय केलं असेल? माणूस बदलत नाही हो. मी आधी ती फाइल कुणी मागून बदलली का ते पाहिलं. शेवटचा बदल तीन वर्षांपूर्वीचा होता, माझ्याच नावाने. मग अर्धा तास बबनरावावर संशय घेतला, की हा माणूस नेमका आजच का बोलला? मग तेही संपलं. संशय घ्यायला खोलीत दुसरं कुणी उरलं नाही.

तरी मी पाच दिवस गप्प बसलो. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. कारखान्यात एक नाव होतं. लाइन तर सुरू झालीच आहे, आता कोण विचारतंय, असं मी स्वतःला समजावत होतो. सहाव्या दिवशी ठेकेदाराने सुनंदाच्या जागी नवा माणूस पाठवला. तो तिच्या खुर्चीवर बसला, वही उघडली, आणि मी सवयीने सुरू केलं, "एक टॅब टेस्ट..." पुढचं मला म्हणवेना. तो पेन धरून वाट बघत बसला. मी उठलो आणि सरळ देशमाने साहेबांच्या केबिनमध्ये गेलो.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "भालेराव, दिवाळी तोंडावर आलीय. कशाला उकरून काढताय? तिला एक फोन करू, या म्हणू. विषय संपला. कागद-बिगद काही नको."

मला ते सोयीचंच होतं. मी फोन लावला. त्या दिवशी टेस्ट बंद होतं, हे तिला सांगितलं.

"हे तुम्ही मला आत्ता कशाला सांगायलात?" तिने विचारलं. "आणखी काही झालंय का तिथं? कशावर सही पाहिजे का माझी?"

"नाही, नाही. चूक माझ्या फाइलीची होती. तू परत ये."

"फाइलीची म्हणजे कुणाची, सर?"

मी म्हणालो, "माझी."

"मग फोनवर नको. ज्या खोलीत मला खोटं पाडलं त्याच खोलीत बोला. तेवढेच सगळे लोक बसवा. मग बघते."

देशमाने साहेबांना मनवायला दोन दिवस लागले. शेवटी तेच लोक, तीच खोली, तोच मोठा पडदा. मी टेस्ट बंद करून आलो होतो. लॅपटॉप जोडला, 'पुसा' लिहिलं, आणि टॅब दाबायला बोट पुढे केलं.

"थांबा," सुनंदा म्हणाली. "मला दाबू द्या."

तिने एकदा दाबला. मोठ्या पडद्यावर वेल्ड-लाइन आलं. तिने बोट लगेच बाजूला घेतलं आणि तसंच वर धरून ठेवलं, सगळ्यांना दिसेल असं. मग मी उभं राहून माझा दुसरा अहवाल वाचला. त्यात 'तांत्रिक त्रुटी' असा शब्द मी आदल्या दिवशी लिहिला होता आणि सकाळी खोडला होता. त्या जागी माझं नाव होतं.

बाहेर आल्यावर तिला विचारलं, "हिंजवडीला मुलाखतीला गेली होतीस का?" आता विचारायचं काही कारण नव्हतं, पण मला राहवलं नाही.

"सासूबाईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं सर, पिंपरीच्या दवाखान्यात. जाऊ हिंजवडीला कामाला आहे, तिच्याकडून पैसे न्यायला एकदा गेले होते." मग थोडं थांबून म्हणाली, "तेव्हाच विचारायचं होतं ना."

तिला कायमचं पत्र मिळालं, पण दिवाळीनंतर नाही, उन्हाळ्यात. मधले महिने मीच वाया घालवले असं मी धरून चालतो. फाइल मी दुरुस्त केली. आता बंद मशीनचं नाव गळत नसे, पुढे 'बंद' असं दिसायचं, आणि लाइनचं नाव टॅबने येणंच मी थांबवलं. दुरुस्ती चांगली होती, सगळे वापरू लागले. सुनंदा सोडून. तिने त्या दिवसानंतर टॅबला बोट लावलं नाही. शेजारच्या टेबलावरून तिची अक्षरं ऐकू यायची, एकामागून एक, पूर्ण नाव. मी तिला कधी टोकलं नाही. टोकणार कुठल्या तोंडाने?

निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, आणि शेवटी खोलीचा ताबा द्यायचा राहिला. माझ्या जागी सुनंदाच येणार होती. आम्ही दोघं संगणकासमोर बसलो. किल्ल्या, पासवर्ड, नोंदीच्या वह्या, एकेक तपासून तिने खूण केली. यादी संपली तेव्हा तिने काळा पडदा उघडला.

"सर, ती टॅबची फाइल मी काढून टाकणार आहे. सगळ्यांना पूर्ण नावच लिहायला लावणार."

बारा वर्षं जपलेली फाइल होती. मी म्हणालो, "आता ती बरोबर चालते."

"चालते ना. पण मला नको." तिने खुर्ची थोडी बाजूला घेतली, म्हणजे मला पडदा नीट दिसावा. "उद्या काढली असती तरी चाललं असतं. पण तुम्ही गेल्यावर काढली तर तुम्हाला वाटेल, बाईनं मागून काहीतरी केलं. म्हणून तुमच्यासमोर काढायले."

तिने फाइल पुसायचा हुकूम लिहिला, पुढे फाइलीचं पूर्ण नाव, एकेक अक्षर बघून. मग कीबोर्डवरून हात काढून मांडीवर ठेवले.

"नाव बरोबर आहे का बघा, सर."

मी चष्मा लावला, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचलं आणि म्हणालो, "बरोबर आहे."

मग तिने एंटर दाबलं.